हॉटेल मॅनेजमेंटचं शेवटचं वर्ष : अकरा रुपये तास

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. ज्यांच्या घरात बारावीचं लेकरू आहे आणि ज्यांना कुणीतरी "हॉटेल मॅनेजमेंटला टाका, शंभर टक्के प्लेसमेंट" असं सांगितलंय, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनी न वाचता लाइक करून पुढं गेलं तरी चालेल, ती आपली सवयच आहे.

मागच्या गुरुवारी रात्री साडेअकराला फोन वाजला. पोरगं ओळखीचं. त्याचा बाप आणि मी नायगावच्या शाळेत एका बाकावर बसलेलो.

"काका, झोपलात का?"

"बोल."

"काका, कॉलेज माझा परीक्षेचा फॉर्म घेईना."

पोराचं गाव मुखेडकडचं, आपल्या तालुक्याला लागून. पोराचं नाव सांगत नाही, गावाचंही नाही. कॉलेज पश्चिम महाराष्ट्रातलं. ट्रेनिंग केलं ते हॉटेल मोठ्या शहरातलं, चकचकीत, दारात पगडीवाला उभा असतो तसलं. त्यांचीही नावं आज घेत नाही. त्याचं कारण खाली येईल.

चार वर्षांचा कोर्स, शेवटचं वर्ष. मागच्या जुलैपासून वीस आठवड्यांचं इंडस्ट्रियल ट्रेनिंग. १८ ऑगस्टच्या पहाटे मुखेड तालुक्यात पाणी घुसलं, ते सगळ्यांना आठवत असेल. रावणगाव, हसनाळची चित्रं सगळ्या महाराष्ट्रानं पाहिली. याच्या घरातही कमरेएवढं पाणी. म्हैस गेली, धान्याच्या कोठ्या गेल्या, आजी दोन दिवस शाळेच्या खोलीत. पोरगं मिळेल त्या गाडीनं गावी आलं आणि नऊ दिवस राहिलं. चिखल उपसला, पंचनाम्याच्या रांगेत बापासोबत उभं राहिलं, परत गेलं. निघताना त्यानं सुपरवायझरला सांगितलं होतं, व्हॉट्सअपवर मेसेजही आहे. समोरून उत्तर आलं होतं, 'ओके'.

नोव्हेंबरात ट्रेनिंग संपलं तेव्हा हॉटेल म्हणालं, हजेरी कमी आहे, सर्टिफिकेट मिळणार नाही. कॉलेज म्हणालं, सर्टिफिकेट नाही तर ट्रेनिंग झालं असं आम्ही धरू शकत नाही, ट्रेनिंग नाही तर फॉर्म नाही. आणि वर एक उपाय सुचवला : पुढच्या बॅचसोबत परत वीस आठवडे करा, फी वेगळी लागेल.

वीस आठवडे म्हणजे एकशेवीस दिवस. त्यातले नऊ दिवस चुकले. तेही पुरात.

ते नऊ दिवस बाजूला ठेवा, उरलेल्या एकशे अकरा दिवसांचं बोलू.

या पोराला महिन्याला साडेतीन हजार रुपये स्टायपेंड होता. शिफ्ट कागदावर नऊ तासांची. प्रत्यक्षात बारा तास, लग्नसराईत चौदा. त्यानं लॉगबुक नीट ठेवलंय, पानन् पान, मी पाहिलंय. महिन्याचे सव्वीस दिवस गुणिले बारा तास म्हणजे तीनशे बारा तास. साडेतीन हजार भागिले तीनशे बारा. अकरा रुपये तास. नायगावच्या बसस्टँडवर दहा रुपयांचा कट चहा मिळतो. एक तास राबल्यावर या भावी हॉटेल मॅनेजरला एक कट चहा परवडतो आणि रुपया उरतो.

दिवसाचा हिशोब केला तर एकशे पस्तीस रुपये. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे त्याच्या मायनं गावात मातीच्या पाट्या टाकल्या असत्या तर पोराच्या दुपटीहून जास्त मिळवले असते. हे पोरगं चार वर्षं फी भरून, दीड लाखाचं शैक्षणिक कर्ज डोक्यावर घेऊन, काळी पँट, पांढरा शर्ट आणि पॉलिश केलेले बूट स्वतःच्या पैशानं घेऊन तिथं गेलं होतं.

अजून एक हिशोब. 'मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना' २०२४ मध्ये आली. तिच्यात बारावी पास पोराला महिन्याला सहा हजार, आयटीआय-डिप्लोमावाल्याला आठ, पदवीधराला दहा हजार विद्यावेतन. त्या योजनेच्या भानगडी आपण सगळे जाणतो, मुदत संपल्यावर पोरांना आंदोलनं करावी लागली, तो विषय वेगळा. मुद्दा हा की शिकाऊ पोराच्या हाताची किंमत सहा हजारांच्या खाली नाही हे सरकारनंच मान्य केलंय. पण शिक्षण चालू असलेल्याला ती योजना लागू नाही. म्हणजे हाच पोरगा बारावीनंतर शिकलाच नसता आणि एखाद्या कार्यालयात फायली उचलायला लागला असता, तर त्याला जास्त पैसे मिळाले असते.

आणि शिकवलं काय म्हणाल तर ऐका. कागदावर फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, सर्व्हिस आणि किचन, चारही खात्यांत पाच-पाच आठवडे. प्रत्यक्षात फ्रंट ऑफिसला तो चार दिवस होता. "इंग्लिश वीक आहे" म्हणून हलवला. हाउसकीपिंगला तीन आठवडे, दिवसाला चौदा-पंधरा खोल्या. बाकीचा सगळा वेळ बँक्वेट आणि स्टुअर्डिंग. स्टुअर्डिंग हा शब्द ऐकायला बरा वाटतो, त्याचा अर्थ भांडी घासणं. किचनमध्ये एक म्हातारा शेफ भला माणूस होता, त्यानं ड्यूटी संपल्यावर थांबवून थांबवून याला सॉस आणि ग्रेव्ही शिकवल्या. त्या माणसाचं नाव पोरगं आदरानं घेतं. पण ते त्या माणसाचं देणं होतं, ट्रेनिंगच्या वेळापत्रकात कुठंच नव्हतं.

भांडी घासण्यात कमीपणा आहे असं मी म्हणत नाही. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगरला जाऊन बघा. लाखाच्या गाडीतून उतरलेला माणूस बाह्या सरसावून ताटं धुतो आणि कुणी त्याचा फोटो काढत नाही. पण सेवा ही करणाऱ्यानं ठरवायची असते. एका लग्नाचं बिल लाखांत फाडायचं आणि त्याच लग्नात पहाटे तीनपर्यंत ताटं धुणाऱ्या पोराला अकरा रुपये तास द्यायचे, ही कसली सेवा? हे सरळ सरळ राबवून घेणं आहे.

आता कायद्याचं बोलू, कारण "स्टायपेंड द्यायचं बंधन नाही साहेब" हे वाक्य मला दोन दिवसांत तीन जणांनी ऐकवलं.

१९६१ चा ॲप्रेंटिस कायदा आहे. तीस किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेला त्यात ठरावीक टक्के ॲप्रेंटिस घ्यावेच लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनं बारावी पास ॲप्रेंटिसला किमान सात हजार, डिप्लोमावाल्याला आठ, पदवीवाल्याला नऊ हजार ठरले. सरकार त्यातला वाटाही उचलतं. करार होतो, पोर्टलवर नोंद होते, तास ठरतात. आता तुम्ही हॉटेलमालक असाल तर काय कराल? ॲप्रेंटिस घेतला तर करार आणि नोंद. कॉलेजकडून 'ट्रेनी' घेतला तर एक पत्र आणि साडेतीन हजार. काम तेच. म्हणून मोठमोठ्या बँक्वेटमध्ये अर्धी फौज ट्रेनींची असते. एक बॅच जाते, दुसरी येते.

कामगार म्हणावं तर "तो विद्यार्थी आहे". दुकाने व आस्थापना कायद्यात, म्हणजे आपल्या राज्याच्या २०१७ च्या कायद्यात, दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा होती, त्यावर काम झालं तर दुप्पट दर. आता सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं नवाचे दहा तास करायला मंजुरी दिली, तो भाग सोडा. मुद्दा हा की या कायद्याचं नाव काढलं की पोरगं विद्यार्थी होतं. आणि विद्यार्थी म्हणून पुरात नऊ दिवस गावी गेलं की लगेच कामगार होतं, हजेरी कापली जाते. वटवाघळाची गोष्ट लहानपणी ऐकली होती, पक्ष्यांत गेलं तर प्राणी आणि प्राण्यांत गेलं तर पक्षी. तसं झालंय.

पोरींचं तर अजून अवघड. त्याच कायद्यात लिहिलंय की बाईला रात्री साडेनऊनंतर कामाला ठेवायचं तर तिची संमती पाहिजे, सुरक्षितता पाहिजे, घरापर्यंत सोडायची सोय मालकानं केली पाहिजे. याच्या वर्गातली लातूरकडची एक मुलगी. रात्री दीडला बँक्वेट सुटायचं, ॲपवरची रिक्षा स्वतःच्या पैशानं करून ती पीजीवर जायची. स्टायपेंडमधले निम्मे रिक्षात गेले. घरी हे सांगितलं तर बाप म्हणेल परत ये, म्हणून तिनं घरी सांगितलंच नाही. ज्यांना वाटतं की आमच्याकडच्या पोरी या क्षेत्रात येत नाहीत कारण समाज मागासलेला आहे, त्यांनी हे वाचून परत एकदा विचार करावा.

२०२१ पासून महाराष्ट्रात हॉटेलांना उद्योगाचा दर्जा आहे. वीज, पाणी, मालमत्ता कर उद्योगाच्या दरानं. चांगलं झालं, कोरोनात या धंद्याचं कंबरडं मोडलं होतं. २०२४ च्या पर्यटन धोरणात दहा वर्षांत एक लाख कोटींची गुंतवणूक आणि अठरा लाख रोजगार असं लिहिलंय. तेही चांगलं. माझा एवढाच प्रश्न की उद्योगाचा दर्जा फक्त वीज बिलाला का? जो उद्योग सरकारकडून सवलत घेतो, त्यानं आपल्याकडच्या ट्रेनींची संख्या, तास आणि स्टायपेंड दर तीन महिन्यांनी जाहीर करावा, एवढी एक ओळ त्या सरकारी निर्णयात घालायला कुणाचं काय जात होतं?

समोरची बाजूही मांडतो, नाहीतर म्हणाल पत्रकार एकांगी लिहितो. नांदेडच्या एका हॉटेलमालक मित्राला मी फोन केला. तो म्हणाला, "भाऊ, ट्रेनी पहिले दोन महिने कामाचा नसतो. ग्लास फोडतो, गेस्टला उलटं बोलतो. त्याला शिकवायला माझा माणूस अडकतो. मी वर पैसे कशाचे देऊ?" याच्यात तथ्य आहे. पण मग मेडिकलचं बघा. विष्णुपुरीच्या सरकारी मेडिकल कॉलेजातला एमबीबीएसचा इंटर्नही शिकाऊच असतो. त्याचं विद्यावेतन २०२४ मध्ये अकरा हजारांवरून अठरा हजार झालं. इंटर्न शिकतो पण राबतोही, हे सरकारला मान्य करावं लागलं, कारण ते एकत्र येऊन ओरडले. हॉटेलच्या ट्रेनींना ओरडायला जागाच नाही. वर्गातली साठ पोरं वीस हॉटेलांत विखुरलेली, आणि प्रत्येकाचं सर्टिफिकेट कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये.

मित्राचं दुसरं वाक्य होतं, "आम्हीपण असंच शिकलो." हे वाक्य मला लागलं. कारण मीपण असंच शिकलो. पत्रकारितेचा डिप्लोमा करून मी नांदेडला एका पेपरात चिकटलो तेव्हा दहा महिने बिनपगारी होतो. वितरणाचे गठ्ठे मोजले, जाहिरातीची बिलं वसूल केली, संपादकाच्या पोरीला क्लासहून आणलं. आणि वर्षानुवर्षं हे मी अभिमानानं सांगत आलो. आता ऐका. माझ्या पोर्टलला दोन पोरं येतात, बातम्या टाइप करतात, व्हिडिओ कापतात. त्यांना मी 'अनुभव' देत होतो. शुक्रवारी सकाळी हा हिशोब मांडताना अकरा रुपये आले तेव्हा त्या दोघांचाही हिशोब करून पाहिला. तो शून्य रुपये तास आला. या महिन्यापासून दोघांना पाच-पाच हजार सुरू केलेत. कमी आहेत, माहितीय. टिंगल करायची असेल तर कमेंटमध्ये करा, जागा मोकळी आहे.

आता थोडं आपल्या समाजाबद्दल.

आपल्याकडं या कोर्सला पोरगं जातं कधी? लातूर पॅटर्नच्या चरकातून निघाल्यावर. नीट झालं नाही, जेईई झालं नाही, फार्मसीला नंबर लागला नाही, मग कुणीतरी सांगतं की हॉटेल मॅनेजमेंट आहे की. बापाला कोर्स माहीत नसतो. होट्टलचा महोत्सव माहीत असतो, हॉटेलचं शिक्षण नाही. गावात विचारलं तर बाप सांगतो, "पुण्याला मॅनेजमेंट करतोय", पुढचा शब्द गिळतो. कारण पारावरचा कुणीतरी म्हणणारच, म्हणजे वेटर का? सोयरीक जमवताना तर विचारूच नका. विठ्ठल कामतांचं 'इडली, ऑर्किड आणि मी' आपल्या घराघरात वाचलं गेलं, पण ते पुस्तक कपाटात, आणि स्वतःच्या पोरानं ट्रे हातात घेतला की तोंड वाकडं.

हा देशातला जुना, रीतसर अभ्यास आहे. १९५४ साली मुंबईत पहिली संस्था निघाली ती लीलावती मुन्शींच्या पुढाकारानं, बायकांच्या अन्न परिषदेनं काढलेली. नावातच उपयोजित पोषणशास्त्र आहे. अन्न वाया जाऊ नये, शंभर माणसांचा स्वयंपाक हिशोबात व्हावा, स्वच्छता राहावी, ही त्यातली विद्या. आपल्या भागात तर तिची गरज जास्त. नांदेडला देशभरातून यात्रेकरू येतात, विमानतळ आहे, आता मुंबईची वंदे भारतही आहे. हैदराबाद रोडवर ढाब्यांची रांग लागलीय. पण शिकलेलं पोरगं इथं परत येत नाही, कारण इथला मालक म्हणतो, डिग्रीवाला महाग पडतो, परप्रांतातली पोरं बरी. मग आपली पोरं परप्रांतात जाऊन तिथल्या मालकाला स्वस्तात पडतात.

पोराच्या बापाला मी काल भेटलो. सोयाबीन पाण्यात गेलेलं. जे थोडं हाती लागलं ते ओलं म्हणून पडत्या भावात गेलं. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. तो म्हणाला, "पोराची महिन्याची कमाई पाऊण क्विंटलही नाही रे. मीच बरा." आणि हसला. त्या हसण्यावर मला काही बोलता आलं नाही.

ज्यांना प्रवेश घ्यायचाय त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी, कारण नुसती शिवीगाळ करून काय उपयोग. डिग्री आणि दुकान यातला फरक ओळखा. सीईटी देऊन, कॅप राउंडमधून बी.एचएमसीटीला प्रवेश घेतला तर फीसवलतीच्या सरकारी योजना मिळू शकतात. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना पात्र प्रवर्गात पूर्ण शिक्षण शुल्क माफ आहे. गाळ्यात चालणाऱ्या 'इंटरनॅशनल डिप्लोमा'ला यातलं काहीच नाही. राष्ट्रीय परिषदेच्या संस्थांची वेगळी परीक्षा असते, ती एनटीए घेते. तिचा फॉर्म भरणारी पोरं आपल्या तालुक्यात मला तरी भेटलेली नाहीत. शंभर टक्के प्लेसमेंट म्हणणाऱ्याला एकच विचारा : मागच्या वर्षीच्या पोरांची यादी, हॉटेल आणि हातात येणारा पगार, कागदावर द्या. त्याचं तोंड बघा.

आणि क्रूझवाले. "जहाजावर पाठवतो, डॉलरमध्ये पगार, तीन लाख भरा." जहाजावर भरती करणाऱ्या एजन्सीला जहाजबांधणी नव्हे, जहाजवाहतूक महासंचालनालयाचा परवाना लागतो आणि तिला खलाशाकडून भरतीसाठी पैसे घेता येत नाहीत. आखाती देशात पाठवणारा एजंट नोंदणीकृत असावा लागतो, त्याची फी तीस हजार अधिक जीएसटी, त्याच्यावर एक रुपया नाही. ई-मायग्रेटच्या साइटवर नाव शोधा. सापडलं नाही तर त्याला चहा पाजून वाटी लावा.

आता नावं न घेण्याचं कारण. फॉर्म भरायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. आधी कागद हातात पडू द्या. सोमवारी संध्याकाळच्या पनवेल गाडीनं मी आणि पोराचा बाप निघतोय. बरोबर पंचनाम्याची प्रत, तलाठ्याचा, म्हणजे आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं त्यांचा दाखला, त्या 'ओके'चा स्क्रीनशॉट आणि लॉगबुकच्या सगळ्या पानांच्या झेरॉक्स. अर्जात मागणी एवढीच : नऊ दिवस नैसर्गिक आपत्तीत धरा, नाहीतर त्याच्या जादा तासांतून वळते करा. जादा तास मी मोजलेत. नऊ तासांच्या वरचे, एकशे अकरा दिवसांचे, तीनशे तेहतीस निघतात, लग्नसराईचे धरलेलेच नाहीत. नऊ तासांचा दिवस धरला तर सदतीस दिवस होतात. त्यातले नऊ कापा, अठ्ठावीस दिवस उलट हॉटेलकडंच निघतात.

आधी कॉलेजात जाणार, तिथून हॉटेलात, तिथं नाही झालं तर विद्यापीठात. बुधवारी परत आल्यावर पोस्ट टाकतो. काम झालं असेल तर थोडक्यात, नसेल तर नावासकट.

कुणाच्या लेकराचं असंच सर्टिफिकेट अडकलं असेल तर सोमवारी दुपारपर्यंत इनबॉक्समध्ये लॉगबुकचे फोटो पाठवा, एकाच फायलीत लावून नेतो. नाव झाकून पाठवलं तरी चालेल.

पोराचा आत्ता मेसेज आलाय : "काका, गाडीत जेवायचं काही विकत घेऊ नका, स्टेशनवर मी डबा घेऊन येतो. पप्पांना तिखट कमी लागतं, तुमचं वेगळं करतो."